पलटी नको म्हणाली होतीस

कामोठे,
रविवार, ९ मार्च २०२५

प्रिय यशोदा,
सप्रेम जयभीम.

गुरुवारी अक्षताचा फोन आला होता. तू आता भिंत न धरता मोरीपर्यंत जातेस, दुधात भाकरी कुस्करून खातेस, असं म्हणाली. ऐकून बरं वाटलं. सून चांगली मिळाली तुला. नाहीतर दोन महिने कोण करतं गं आजकाल एवढं.

फोनवरच बोलले असते, पण फोन कानाला लावला की तुझं डोकं ठणकतं आणि बोललेलं तासाभरात विसरायला होतं, असं तीच म्हणाली. म्हणून पत्र. किती वर्षांनी लिहितेय देव जाणे. पेन धरून हात दुखला. अक्षता म्हणाली, "काकू, आई सारख्या विचारतात, मला तिथं काय झालं. मी नव्हते तिथं, मी काय सांगू? तुम्ही लिहून पाठवा. तुम्ही त्यांच्याजवळ होतात."

होते. जवळच होते.

आधी इकडची खबर सांगते. ह्यांचा खोकला गेला, आता कंबर धरलीय. टीव्हीसमोरची खुर्ची तेवढी सुटत नाही. मी रोज वाशीला जातेच, मसाला मार्केटच्या ऑफिसात. शेठ म्हणाला वर्षभर तरी थांबा, तर थांबलेय. संध्याकाळी खांदेश्वरला उतरून रिक्षाची लाइन बघितली की तिथेच फूटपाथवर बसावंसं वाटतं. तू लेकाकडे, सुगतकडे गेल्यापासून तुझ्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. रविवारी उघडून केर काढते, खिडक्या उघडते. मशीनवर जुनी चादर टाकलीय. कापून ठेवलेले ब्लाउज ज्यांचे त्यांना परत दिले. दुसऱ्या मजल्यावरची दीक्षा कापड हातात घेऊन रडायला लागली. म्हणाली, यशोदाताईंच्या मापाचं कोणी शिवत नाही.

तुला शनिवारी रात्री ब्लाउजला हुक लावत बसलेलं आठवतं आणि त्यापुढे दवाखान्यातलं छत, असं अक्षता म्हणाली. तर तिथून सांगते.

रविवार होता, १२ जानेवारी, जिजाऊ जयंती. आपल्या बिल्डिंगमधल्या नऊ जणी. सहा वाजता टेम्पो ट्रॅव्हलर खाली लागला. तू सगळ्यांत आधी तयार होतीस. सुगतने दिवाळीला दिलेला हिरवा पंजाबी ड्रेस घातला होतास. साडी सोडून तुला कधी कोणी पाहिलं नव्हतं, तर जिन्यातच अडून बसलीस, "मला लाज वाटायलीय, मी नाही येत." मी तुला ओढून खाली आणलं. वडखळला चहा घेतला. तुझ्या पुऱ्या तिथेच संपल्या. अलिबागच्या पुढच्या त्या किनाऱ्याला दहाच्या आधी पोचलो.

तुला समुद्र एवढ्या जवळून माहीत नव्हता. परभणीची बाई तू. माझं कोपर धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिलीस आणि लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकली की किंचाळायचीस. "वैजू, ही जमीन चाललीय की गं!" असं म्हणून एवढी हसलीस की डोळ्यांतून पाणी. भाऊजी गेल्यानंतर तीन वर्षांत तुला असं हसताना पाहिलं नव्हतं. हे मला लिहून ठेवावंसं वाटलं, तुला आठवत नाही म्हणून.

मग त्या पिवळ्या लांब होडीवर बसलो. केळ्यासारखी असते, हवा भरलेली, पुढची मोटरबोट दोराने ओढते. सहा जणी बसलो, जॅकेटं घालून. होडी उलटली आणि तुझ्या डोक्याला लागलं. अलिबागला दवाखान्यात नेलं, तिथून अँब्युलन्सने इकडे मोठ्या हॉस्पिटलात. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. डोक्यात रक्त साठलं होतं ते काढलं. एकोणीस दिवस आयसीयूत होतीस. पुढचं तुला थोडंथोडं आठवत असेल.

असं झालं बघ. फार विचार करू नको. डोक्याला ताण देऊ नको.

तुझी,
वैजू


कामोठे,
रविवार, २३ मार्च २०२५

प्रिय यशोदा,
जयभीम.

तुझ्या चिठ्ठीचा फोटो अक्षताने पाठवला. तुझं अक्षर ओळखू येत नव्हतं. ओळी खाली घसरत गेल्यात. पण वाचलं. "वैजू, होडीत बसलो आन दवाखान्यात गेलो. मधलं कुठं हाय? शिवण उसवल्यासारखं वाटायलंय."

डोकं फुटलं तरी उसवलेलं तुला दिसतंच.

बरं, सांगते. आधी लिहिलं नाही कारण तुला त्रास होईल असं वाटलं.

होडीवर बसायचं माझं ठरलं होतं. तुझं नव्हतं. तू वाळूत चपलांवर बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळणार होतीस. मी म्हटलं, "अगं, जन्मभर दुसऱ्यांच्या पिशव्याच सांभाळणार का?" दीक्षाने पण आग्रह केला. मग उठलीस. पण मोटरबोटवाल्यासमोर उभं राहून स्पष्ट विचारलंस, "भाऊ, हे पाण्यात पाडतेत का?" तो म्हणाला, "पलटी मारायची का नाय ते तुमी सांगायचं, मावशी. नको तर नको." तू म्हणालीस, "मला पलटी नको. मला पोहायला येत नाही. तसं असंल तरच बसते." तो म्हणाला, "नाय मारत." चाळिशी उलटलेला माणूस होता, कुंदन नाव. डोक्याला टॉवेल बांधला होता. त्यानेच तुझ्या जॅकेटच्या क्लिपा लावल्या, ओढून बघितल्या.

तू पाचवी बसलीस. तुझ्यामागे मी, शेवटची. मीच म्हटलं, "मी आहे ना तुझ्या मागे."

पहिला फेरा छान झाला. तू पुढच्या दांडीला घट्ट धरून "अगं आई, अगं आई" करत होतीस, पण हसत होतीस. पाणी तोंडावर उडत होतं. दुसरा फेरा जरा जोरात. मग किनाऱ्याकडे परतताना मोटरबोटीने झटकन वळण घेतलं, दोर ताणला आणि होडी डावीकडे कलंडली. सगळ्या एकमेकींवर पडल्या. कोणाचा हात, कोणाचा पाय, काही कळलं नाही. अशा पडण्यात माणसं एकमेकांवरच आदळतात, डॉक्टर नंतर म्हणाले. पाण्याने लागत नाही, शेजारच्या माणसाने लागतं. कोणाचा तरी गुडघा तुझ्या उजव्या कानामागे बसला.

बाकीच्या जणी वर आल्या, खोकत, हसत. दीक्षा ओरडत होती, "परत, परत!" तू हसत नव्हतीस. जॅकेटमुळे तरंगत होतीस, पण मान एका बाजूला आणि अर्धं तोंड पाण्यात. मला वाटलं मुद्दाम करतेयस. क्षणभर खरंच वाटलं. मग कुंदनने बोटीतून उडी टाकली, तुला पाठीवर घेतलं आणि ओरडला, "मान धरा कोनीतरी, मान हलू देऊ नका!" मान मी धरली. तुझ्या कानातून रक्त येत होतं, पाण्यामुळे गुलाबी दिसत होतं.

टेम्पोत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तू एकदाच डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "दूध उतू जायलंय." मग काही नाही.

सुगत रात्रीच्या गाडीने निघून सकाळी हॉस्पिटलात आला. दोन दिवसांनी त्याने पोलिसात तक्रार दिली. आम्हा सगळ्यांचे जबाब घेतले. त्या माणसाने नको म्हणत असताना होडी पलटवली, असं सगळ्यांनी सांगितलं. मीही सांगितलं. त्याला अटक झाली, नंतर जामीन झाला. बोट जप्त आहे.

हे झालं मधलं.

जेवत जा. वास येत नाही म्हणून चव लागत नाही, असं अक्षता म्हणाली. तरी जेवत जा. माझी तब्येत बरी आहे, गुडघा तेवढा जानेवारीपासून धरलाय, जिना चढताना त्रास होतो. वयच झालं.

तुझी,
वैजयंती


कामोठे,
रविवार, ६ एप्रिल २०२५

यशोदा,
जयभीम.

हे पत्र अक्षताला आधी वाचू दे, मग तिला वाटलं तर तुला वाचून दाखवू दे. नाही, असं नको. तूच वाच. कितीही दिवस लागू देत.

मागच्या शनिवारी दुपारी मी घरी होते. बेल वाजली. दारात कुंदन. सोबत त्याची बायको, हातात पिशवी. मी ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. तोच म्हणाला, "वलखलात ना, मावशी?" मी म्हटलं, इथे कशाला आलात, केस चालू आहे, तुम्हाला यायला परवानगी नाही. तो म्हणाला, "वकील पन तेच बोलला. तरी आलो. आत नाय येत. हितंच उभा राहतो."

ह्यांनी आतून टीव्हीचा आवाज कमी केला. तेवढंच. उठले नाहीत.

कुंदन म्हणाला, "त्या मावशी कशा हायेत?" मी सांगितलं, चालतात, एका कानाने ऐकू येत नाही, वास येत नाही, शब्द सापडत नाहीत. त्याच्या बायकोने डोळे पुसले. मग तो म्हणाला, "माजी चूक हाय. वलान जोरात घेतलं. पानी कमी व्हतं, सहा मानसं व्हती, सावकाश घ्याया पाहिजे व्हतं. त्याची शिक्षा व्हईल ती व्हईल. पन मी रोज एकच गोष्ट डोक्यात घोलवतोय. तुमी हात फिरवला व्हता ना? का माजे डोले खोटं बगतात?"

मी कडीवर हात ठेवला.

"मी सगल्यांना सांगतो, हात फिरला म्हनून पलटी मारली. कोनी मानत नाय. तुमी आठ बाया एक बोलता, मी एकटा. घरातली पन बोलतात, तूच मारली असशील, लोकांना हसवाया. मला आता माजंच खरं वाटत नाय, मावशी. येवडंच सांगा, हात फिरवलात का नाय? पोलिसांना नका सांगू. मला सांगा."

मी दार लावून घेतलं, यशोदा. त्या दोघांच्या तोंडावर. मग दाराला पाठ लावून उभी राहिले. बराच वेळ ते जिन्यात उभे होते. खाली जाताना त्याच्या बायकोची चप्पल वाजत होती.

आता मागच्या पत्रात जे गाळलं ते लिहिते.

होडीवर बसायच्या आधी कुंदनने सगळ्यांना सांगितलं होतं, शेवटी पलटी हवी असेल तर सगळ्यांत मागच्या माणसाने हात वर करून गोल फिरवायचा. हात फिरला नाही तर पलटी नाही. सगळ्यांत मागे मी होते. सगळ्यांची तोंडं पुढे, किनाऱ्यावरच्या तिघींचं लक्ष नव्हतं. मी काय करतेय ते एकट्या त्यालाच दिसत होतं.

किनारा जवळ आला तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं. मी हात वर केला आणि फिरवला. एकदा नाही, दोनदा. तो तुझ्याकडे बघून जरा थांबला, मला दिसलं ते. मी तिसऱ्यांदा फिरवला.

आणि गुडघा माझा होता. कोणाचा तरी नव्हता. हाड हाडावर बसल्याचं मला कळलं, पाण्यात जायच्या आधीच कळलं. सुजलेला गुडघा सगळ्यांना दाखवला तेव्हा, बोटीत चढताना घसरले असं सांगितलं. पोलिसांना सांगितलं की आम्ही कोणीही हात केला नाही. मला कोणी दुसरं विचारलंच नाही. नऊ जणींत मी मोठी, मी तुझी जिवाची, हॉस्पिटलात रात्रंदिवस बसलेली. माझ्यावर कोण शंका घेणार?

मजा म्हणून हात फिरवला असं लिहिणार होते. चार वेळा तसं लिहून कागद फाडला. ते खोटं आहे.

सकाळी टेम्पोत पेणच्या पुढे, गाणी चालली होती, तेव्हा कोणीतरी मला विचारलं, "वैजूताई, तुमचे मिस्टर बरे सोडतात तुम्हाला?" आणि मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, "तिला घरी कोण ईचारतंय? नवरा टीव्हीत, लेक पुण्यात. म्हणून तर मला कडेवर घेऊन हिंडती." सगळ्या हसल्या. मीही हसले. तू गंमत केलीस, मला कळत होतं. पण यशोदा, डिसेंबरात तुझ्या मशीनशेजारी बसून मीच तुला रडत सांगितलं होतं की हे तीन-तीन दिवस माझ्याशी शब्द बोलत नाहीत, जेवलीस का एवढंही विचारत नाहीत. ते मी जगात एकट्या तुला सांगितलं होतं. ते तू टेम्पोत सगळ्यांना वाटलंस, पुरीसारखं.

मी दिवसभर हसत होते. समुद्रात तुझा हात धरला, तोही मनापासून. ते खोटं नव्हतं. पण आत ते बोलणं सलत होतं. आणि त्याने मागे वळून पाहिलं तेव्हा माझ्या मनात आलं, भिजू दे हिला जरा. जाऊ दे नाकातोंडात पाणी. मग मी हसेन.

एवढंच. कोणाला मारायचं नव्हतं. पण तुला घाबरवायचं होतं, हे खरं आहे. तू नको म्हणाली होतीस, मीच मागे बसून शब्द दिला होता आणि मीच हात फिरवला.

तू विसरलीस म्हणून मी वाचले होते. हे पण लिहिते. डॉक्टर म्हणाले की पेशंटला तो दिवस बहुधा कधीच आठवणार नाही, तेव्हा मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये जाऊन पोटभर जेवले. दहा दिवसांत पहिल्यांदा.

शुक्रवारी रजा काढून एसटीने अलिबागकडे गेले आणि पोलीस स्टेशनला सगळं सांगितलं. हवालदार म्हणाला, "बाई, तेव्हा असं, आता तसं? कोणी दम दिलाय का?" मी म्हटलं, कोणी नाही. "पैसे?" म्हटलं, नाही. साहेबांपुढे नेलं. त्यांनी सांगितलं, खोटा जबाब दिल्याचं तुमच्यावर येऊ शकतं, माहीत आहे ना? म्हटलं, येऊ दे. पुरवणी जबाब लिहून घेतला, सही केली. दुपारचे तीन वाजले. त्यानंतर कुंदनच्या गावात गेले. तो जाळं दुरुस्त करत बसला होता, दुसऱ्या कोणाचं. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "तीनदा फिरवला. तुमचे डोळे खरे आहेत." त्याने मान हलवली. रागावला नाही. त्याची बायको मात्र म्हणाली, "आता सांगता? तीन महिने झाले." मी परत आले.

ह्यांना रात्री सांगितलं. ऐकून घेतलं. म्हणाले, "सांगायची काय गरज होती?" मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "जेवलीस का?" मला हसू आलं की रडू, ठाऊक नाही.

सुगतला मी काल फोन केला. तो पूर्ण ऐकून म्हणाला, "काकू, आता परत इकडे फोन करायचा नाही." आणि ठेवला. तो लहान असताना मी त्याला शाळेत सोडायची. त्याचं बरोबर आहे.

तरी मी येणार आहे. १४ एप्रिलची जयंती झाली की १९ तारखेला पनवेलहून गाडी पकडते. दारातून परत पाठवलंस तर परत येईन. पण हे कागदावर सांगून मोकळी झाले असं होऊ नये, म्हणून येते.

तुला पाण्यात पाडणारी,
वैजयंती


कामोठे,
रविवार, २७ एप्रिल २०२५

यशोदा,
जयभीम.

सुखरूप पोचले. लिहीत जा म्हणालीस म्हणून लिहितेय. तू त्या दिवशी बोललेलं तुझ्या लक्षात राहणार नाही, असं अक्षताने दारापर्यंत सोडताना सांगितलं. तेव्हा तेही मीच लिहून देते. या वेळी काही गाळत नाही.

सुगतने दार उघडलं, मला पाहिलं आणि आत निघून गेला. अक्षताने पाणी दिलं. तू गॅलरीत चटईवर बसून मेथी निवडत होतीस. केस बारीक, कानामागे लांब खूण. मी तुझ्या उजव्या बाजूने हाक मारली, तुला ऐकू आली नाही. मग समोर आले.

तू म्हणालीस, "आलीस?"

"आले."

"आधी जिन्यातच कळायचं तू आलीस म्हणून. मिरचीचा वास यायचा तुझ्या पदराला. आता समोर उभी राहिलीस तरी कळंना." आणि मग, "गुडघा कसाय?"

खाली बसले, समोर. तू मेथीची एक जुडी माझ्याकडे सरकवलीस. दोघी निवडत बसलो. तू पानं देठासकट टाकत होतीस आणि निवडलेल्यात परत काड्या मिसळत होतीस. मी त्या परत वेचत होते.

जुडी संपत आली तेव्हा तू म्हणालीस, "अक्षतानं दोनदा वाचून दाखवलं. मी म्हणलं आणखी एकदा वाच. मी टेम्पोत तसं म्हणले, वैजू?"

"हो."

"तुझ्या नवऱ्याचं? सगळ्यांसमोर?"

"हो."

"मला आठवंना गं." कपाळाला हात लावून बसलीस. "म्हणले असंल. तोंडच तसलं माझं. तू ईश्वासानं सांगितलेलं. चुकलंच ते."

मी म्हटलं, यशोदा, तू माफी मागू नकोस. तू मागू नकोस, मला सहन होत नाही. तेव्हा तू चिडलीस. हॉस्पिटलनंतर पहिल्यांदाच तुला चिडलेली पाहिली. मेथी उडवलीस माझ्या अंगावर. "मग काय करू? मारू तुला? हात उचलंना माझा नीट. परवा दूध करपून भांडं काळं झालं, नातू आरडला तवा कळलं. सुई ओवता येईना. एक वस्तू दोन दिसायलीय. नातवाचं नाव तोंडात येईना, बाळा म्हणते त्याला, म्हणजे त्याला कळायचं नाही. आन तू म्हणतीस, भिजवायचं होतं!"

सुगत आतून धावत आला. "आई, डोक्याला त्रास होईल. काकू, तुम्ही निघा आता." तू त्याला म्हणालीस, "थांब. माझं बोलून होऊ दे."

मग तुला शब्द सापडेना. किती वेळ तोंड उघडं ठेवून बसलीस. आम्ही तिघं तुझ्याकडे बघत होतो, कोणी मदत केली नाही. शेवटी सापडला, तेव्हा आवाज बारीक होता.

"हिनं खोटं लिहून पाठवलं असतं तरी मला कुठं कळणार होतं, सुगत? मी तेच खरं म्हणून मेले असते."

सुगत म्हणाला, "म्हणून काय हिला ओवाळायचं?"

तू म्हणालीस, "नाही. ओवाळायचं नाही."

मग माझ्याकडे वळलीस, डाव्या कानाने ऐकायला मान तिरकी करून, आणि म्हणालीस, "आता लगेच येऊ नकोस. तुझा राग येतोय का येत नाही, मलाच उमगंना. सकाळी येतो, दुपारी मी विसरते. विसरले की तुझी आठवण येती. मग अक्षता पत्र दाखवती, की परत राग. असं किती दिवस चालंल कुणास ठाऊक." आणि म्हणालीस, "लिहीत जा. आपलं जुनं लिही. कामोठ्याला आले तवाचं. माझं लई गेलंय त्यातलं. तुझ्याकडंच हाय ते."

मी हो म्हटलं. उठताना गुडघा धरला, तर तू हात पुढे केलास. तुझ्याही नकळत केलास, कारण लगेच मागे घेतलास. मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

इकडचं सांगायचं तर कुंदनची बोट अजून सुटलेली नाही. वळण जोरात घेतल्याचा गुन्हा राहीलच, असं त्याचा वकील म्हणतो, पण कोणी सांगितलं नसताना मुद्दाम पाडलं, हे आता कोणी म्हणू शकणार नाही. माझ्यावर काय येतं ते जूनमध्ये कळेल. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत झालंय. दीक्षा जिन्यात भेटली तर बाजूने निघून जाते. मी हाक मारत नाही.

जुनं लिहायला बसले तर कुठून सुरू करावं कळेना. मग वाटलं, पहिल्या दिवसापासून. २००३ साल, जून महिना. बिल्डिंगला पाणी चढत नव्हतं, म्हणून मी खाली टँकरच्या लाइनीत उभी होते. तू परभणीहून त्याच दिवशी आलेली, सुगतचं बोट धरून, आणि भांडं नव्हतं तुझ्याकडे, सामान अजून ट्रकमध्येच. तू मला म्हणालीस, "बाई, तुमची एक कळशी देता का? परत करते." मी म्हटलं, दोन घ्या. तू म्हणालीस, "दोन नको. एकच द्या, दुसरी तुम्हाला लागंल."

आज एवढंच. हात दुखतोय. पुढच्या रविवारी त्या पहिल्या वर्षाचं लिहिते, जेवढं मला खरं आठवतं तेवढंच.

तू म्हणशील तेव्हा येणारी, आणि नाही म्हणशील तर इथेच राहून लिहिणारी,
वैजयंती